वारा कुणाचा?

पाणी, गवत आणि अग्नी या तिन्हींत मुसलमान, आणि काही पाठांनुसार सगळीच माणसे, एकमेकांची भागीदार आहेत, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. त्या काळी अग्नी म्हणजे चुलीतला निखारा. शेजाऱ्याने मागितला तर नाही म्हणायचे नाही. आज त्या अग्नीचे नाव वीज आहे. मग विजेत आपली भागीदारी कोणती? महिन्याच्या महिन्याला बिल भरण्याची?

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या फिरत आहेत. तेवढा कोळसा वाचला, हे चांगलेच झाले. पण महाराष्ट्रातल्या अशा अनेक पवनचक्क्यांचे मालक दूरच्या शहरांतले उद्योग आहेत. घसाऱ्यावरची करसवलत हे त्यांच्या गुंतवणुकीचे एक मोठे कारण होते. म्हणजे वारा पठाराचा आणि नफा परगावचा. धूर गेला म्हणून अन्यायही गेला, असे होत नाही.

तमिळनाडूत कोइम्बतूर जिल्ह्यातल्या ओडंथुराई ग्रामपंचायतीने २००६ साली वेगळी वाट धरली. काही शिल्लक आणि बाकी बँकेचे कर्ज, असे सुमारे दीड कोटी रुपये उभे करून तिने ३५० किलोवॅटची स्वतःची पवनचक्की घेतली. गावाची गरज भागवून उरलेली वीज पंचायत वीज मंडळाला विकू लागली.

कुणी विचारील, गरीब गावाने ही जोखीम का घ्यावी? यंत्र बिघडले, वारा पडला तर? प्रश्न रास्त आहे. पण नफ्यात वाटा मागणाऱ्याने तोट्यातून अंग काढायचे नसते, हा भागीदारीचा जुना शरई नियम आहे. जोखीम नको असेल, तर आपण भागीदार नाही, फक्त गिऱ्हाईक आहोत.

वक्फची कल्पना इथे उपयोगी पडते. वक्फमध्ये मूळ मालमत्ता राखायची आणि तिचे उत्पन्न लोकांच्या कामी लावायचे असते. कोळसा जाळणे म्हणजे नातवंडांचे मुद्दल खाणे. ऊन आणि वारा हे मात्र रोज नव्याने येणारे उत्पन्न आहे. पण वक्फच्या किती जमिनी कशा हातच्या गेल्या, हे आपल्या समाजाला सांगायला नको. मालमत्ता सर्वांची होती, हिशेब मात्र कुणीच विचारला नाही. गावाच्या पवनचक्कीचेही तसेच होऊ शकते. म्हणून वारा कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर मालकीच्या कागदावर संपत नाही. ग्रामसभेत उभे राहून जो हिशेब मागतो आणि आपल्या वाट्याचा भार उचलतो, तोच त्या वाऱ्याचा खरा भागीदार.