भजन आणि कारभार

ज्याच्या मुखी अहर्निश देवाचे नाव आहे, त्याच्याच हातून अन्याय घडला तर त्याची भक्ती खोटी समजावी काय, हा प्रश्न अमेरिकेतील लुइझियाना राज्याचे एकेकाळचे गव्हर्नर आणि गायक जिमी डेव्हिस यांच्या चरित्राने फार तीव्रपणे उभा केला आहे. 1899 मध्ये एका दरिद्री कुळवाडी कुटुंबात जन्मलेले डेव्हिस न्यायालयाच्या दफ्तरापासून चढत चढत 1944 आणि 1960 असे दोन वेळा राज्याच्या सर्वोच्च पदी आरूढ झाले. प्रचारसभांतूनही ते गात. 1940 साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले ‘यू आर माय सनशाइन’ जगभर पोचले, आणि उत्तरायुष्यात त्यांनी मुख्यतः ख्रिस्ती भक्तिगीतेच गायिली.

वर्णभेद हाच जेथे कायदा होता, त्या मुलुखातील या गायकाने 1932 मध्ये कृष्णवर्णीय गिटारवादकांच्या साथीने तबकड्या भरल्या होत्या; परंतु 1960 मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या शाळांतून गोऱ्या-काळ्या मुलांनी एकत्र शिकावे असा न्यायालयाचा हुकूम झाला, तेव्हा त्याच गायकाने विधिमंडळाची खास बैठक बोलावून तो निष्फळ करण्यासाठी कायदे करविले. 14 नोव्हेंबर रोजी रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात, शिव्याशाप देणाऱ्या जमावासमोरून शाळेची पायरी चढली.

एकाच माणसात हे दोन्ही कसे नांदले? आपल्या रसशास्त्राने सांगितले आहे की, रसास्वादाच्या क्षणी ‘मी’ आणि ‘माझे’ यांचे बंध गळून पडतात आणि भाव सर्वांचा होतो. मात्र हा मोक्ष क्षणिक असतो. गाणे सरताच अहंकार आपल्या जागी परत येऊन बसतो, आणि त्या क्षणाचे व्रतात रूपांतर करणे हे रसाचे नव्हे, धर्माचे कार्य आहे. चोखोबांचे अभंग शतकानुशतके गाणाऱ्या पंढरीत अस्पृश्यांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, हे ज्याच्या स्मरणात आहे, त्या मराठी वाचकाला हे न्यून परके वाटण्याचे कारण नाही.

म्हणून डेव्हिस यांची भक्ती मी खोटी म्हणणार नाही; ती अपुरी होती, आणि सत्ताधीशाच्या अपुऱ्या भक्तीचे मोल त्याला स्वतःला नव्हे, तर त्याच्या अंमलाखालील दुर्बलांना द्यावे लागते. ज्याला देवाने कंठ दिला आणि लोकांनी अधिकार दिला, त्याच्या भजनाची परीक्षा त्याच्या हुकुमांतच केली पाहिजे.