जुळलेल्या प्रतिमेचे प्रामाण्य
भीमाचार्य झळकीकरांनी ‘न्यायकोश’ रचून न्यायदर्शनाची परिभाषा एकत्र आणली; ज्ञानाच्या खरेपणाची खात्री त्या ज्ञानातूनच मिळते की बाहेरून, हा त्या दर्शनातील प्रामाण्याचा वाद रेंजफाइंडर कॅमेऱ्याला विलक्षण नेमकेपणाने लागू पडतो. या कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून पाहत नाही. भिंगाच्या मागील कडेला टेकलेल्या रोलरच्या हालचालीने खिडकीतील दोन प्रतिमा एकरूप झाल्या की फोकस जुळला असे मानतो, म्हणजेच ते प्रत्यक्ष नसून अनुमान असते. या वादातील एका पक्षाच्या, म्हणजे मीमांसकांच्या, मते बाधक ज्ञान किंवा कारणदोष, म्हणजे साधनातील उणीव, आढळेपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण असते. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते त्या ज्ञानावर आधारलेली कृती सफल झाल्यावरच त्याचे प्रामाण्य कळते.

एफ/1 छिद्राचे 50 मिलिमीटरचे भिंग एक मीटरवर जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर खोली स्पष्ट दाखवते, त्यामुळे रोलर किंचित बिघडला तरी प्रतिमा जुळलेल्या दिसतात आणि डोळ्यांऐवजी कान रेखीव येतात. काही भिंगांत तर, कडेच्या आणि मधल्या किरणांचे केंद्र भिन्न असल्याने, छिद्र लहान करताच फोकस सरकतो. तेथे यंत्र निर्दोष असूनही अनुमान चुकते, म्हणून नैयायिकांचा पक्ष अधिक ग्राह्य ठरतो. फिल्म धुतल्यावर मिळणारा निकाल डिजिटल पडद्यावर तत्क्षणी मिळतो खरा, परंतु त्या पडद्याला प्रमाण कोण ठरवणार, हा मीमांसकांचा अनवस्थेचा, म्हणजे न संपणाऱ्या पुराव्यांच्या साखळीचा, आक्षेप तेथेही उरतो.