विकार देहाचा की जीवाचा?

लीळांचे निरूपण चालू असता एखाद्या साधकाचे नेत्र तत्काळ भरून येतात. शेजारीच बसलेला दुसरा, तितकाच श्रद्धावंत, कोरडा राहतो. पहिल्यास प्रेमळ व दुसऱ्यास शुष्क म्हणण्याची रीत पडली आहे. ती कितपत शास्त्रसंमत आहे, हा प्रश्न आधुनिक जीवशास्त्राने निकडीचा केला आहे.

मेंदूतील सेरोटोनिन हे द्रव्य पेशींत परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक काहींत आखूड, काहींत लांब रूपात आढळते. आखूड रूपाचा चिंताळू स्वभावाशी संबंध १९९६ साली सुचविला गेला. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील पाहणीवरून २००३ साली असे मांडले गेले की, आयुष्यात आघात झाले असता आखूड रूपाची माणसे खिन्नतेस अधिक बळी पडतात. पुढे २०१९ साली, कितीतरी मोठ्या संख्येच्या तपासणीत, हा संबंध टिकला नाही. एकाच जनुकास शोकाचे बीज ठरविण्याची घाई विज्ञानासच नडली! तथापि एकरूप जुळी भावंडे स्वभावाने भिन्नरूप जुळ्यांहून अधिक सारखी असतात, हे निरीक्षण कायम आहे. असंख्य सूक्ष्म भेदांचा अल्प अल्प वाटा मिळून हा कल घडतो; परिस्थितीचा वाटा निराळाच.

येथे शंका उद्भवते. क्रोध बीजातूनच आला, तर जीवास दोष कसा? समाधान असे : देह पंचभूतात्मक व त्रिगुणात्मक, म्हणून प्रपंच; जनुकही त्याच कोटीतले. जीव त्याहून भिन्न. देहात क्षोभ उठणे वेगळे आणि जीवाने तो आपला मानून तदनुसार आचरणे वेगळे. असतीपरीचा संबंध या दुसऱ्याशी आहे.

हा विवेक सांगण्यास सोपा आहे. ज्याचा क्षोभ विचाराच्या आधीच जिभेवर येतो, त्यास क्षणभर थांबणे हेही महाकष्टाचे. शांत प्रकृतीच्या साधकास तेच विनासायास घडते. दोघांचे आचरण बाहेरून सारखे दिसले, तरी त्यामागील कष्ट सारखे नसतात, आणि ते पाहणाऱ्यास दिसत नाहीत.

अश्रूंचेही तेच. प्रेम हे परमेश्वराचे दान होय. नेत्रांतील पाणी देहाचा धर्म. सभा उठते, लोक भरल्या डोळ्यांच्या साधकाभोवती जमतात. कोरडा साधक निमूटपणे निघून जातो आणि उत्तररात्री, कोणी जागे नसता, स्मरणास बसतो.