चित्र गोव्याचं, आवाज कुणाचा?

गोव्यात चित्रित झालेला एखादा हिंदी सिनेमा डोळे मिटून ऐकावा. लाटा, गिटार, ट्रम्पेट, फार तर चर्चची घंटा. एवढ्यावर गोवा उरकलेला असतो. पेडणे आणि डिचोली हे तालुके त्यात कुठेच नसतात. हे मला फार खटकतं, कारण सिनेसंगीताला भरभरून देणाऱ्या गोव्याचा अर्धा भाग पडद्यावर अजून मुका आहे.

बार्देश, तिसवाडी, सासष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलं नोटेशन वाचायला शिकली, व्हायोलिन वाजवू लागली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर मुंबईच्या स्टुडिओंना मिळाले ते याच परंपरेतून. पेडणे, डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. पोर्तुगीज अंमल तिथे पोचला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिथला कान घडला देवळाच्या सभामंडपात, भजन-आरतीत, दहीकाल्यात, संगीत नाटकाच्या पेटी-तबल्यावर.

या दोन कानांची गाठ पडली ती मुंबईत. शंकर-जयकिशन यांच्या ताफ्यात वाद्यमेळ सेबॅस्टियन यांचा आणि ताल दत्ताराम वाडकरांचा. दत्तारामही गोव्याचेच, तबला पंढरीनाथ नागेशकरांकडे शिकलेले. त्यांच्या ढोलकाच्या चालीला वादकांनी ‘दत्ताराम ठेका’ असं नावच देऊन टाकलं. व्हायोलिनं आभाळभर पसरलेली असताना तो ठेका गाण्याचे पाय जमिनीवर ठेवतो.

पेडणे तालुक्यातल्या आरोब्याचे दत्ता नाईक, म्हणजे एन. दत्ता, लहानपणीच घर सोडून मुंबईला पळाले. सचिनदेव बर्मन यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे ‘साधना’ (१९५८), ‘धूल का फूल’ (१९५९) यांचं संगीत त्यांनी केलं. मराठीत ‘मधुचंद्र’ (१९६७) आणि ‘अपराध’ (१९६९) त्यांचेच. साहिरसारख्या कवीचा शब्द त्यांच्या चालीत वाद्यांखाली कधी दबला नाही. शब्दाला असा मान देण्याचं वळण देवळातल्या भजनाने लावलं असावं, असं मला वाटतं.

पण गाणं हा सिनेमाच्या आवाजाचा एक भाग झाला. दृश्य उभं करणारा, दाखवता न येणारं ऐकवणारा आवाज वेगळा. त्याचं शिक्षण पेडण्याच्या माणसाला दहीकाल्यातलं दशावतारी नाटक फुकट देतं. रंगमंचावर पडदा आणि एक बाकडं. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे सुचलेले. बाकडं कधी सिंहासन होतं, कधी डोंगर, आणि ते कशाने होतं? मृदंगाने आणि झांजेने. राक्षसाच्या पावलाबरोबर थाप पडते, त्या थापेनेच पाऊल जड होतं. पेटीवाला बोलण्याखाली एक सूर धरून ठेवतो आणि राजाचा शोक सुरू व्हायच्या आतच प्रेक्षक हळवा होतो. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ज्याला फोली (पावलांसारखे नंतर भरलेले आवाज) आणि पार्श्वसंगीत म्हणतात ते इथे रात्रभर, एकाही रीटेकशिवाय चालतं. फरक एवढाच की इथला वादक नटाकडे बघत वाजवतो, तर सिनेमातला संगीतकार आधीच कापून ठेवलेल्या दृश्याकडे. म्हणूनच दशावतारात ‘थांबणं’ जिवंत असतं. नट अडला तर मृदंगही अडतो, आणि त्या शांततेलाही अर्थ येतो. आपल्या बहुतेक सिनेमांना ही शांतता सोसत नाही. संवाद संपायच्या आत व्हायोलिनं धावून येतात.

आवाजाचा दुसरा धडा डिचोलीत मिळतो. तिथल्या चवथीच्या आरत्यांमध्ये घुमट वाजतं ते जवळून पाहावं. मातीचं भांडं, मोठ्या तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. उजवा हात चामड्यावर वाजवतो, तर डावा पंजा उघडं तोंड झाकत-उघडत आवाज घुमवतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत; त्यावर कायद्याने बंदी आल्यावर बकऱ्याचं आलं. नुसता चामड्यापुढे माईक लावला तर थाप मिळते, घुमणं हरवतं, कारण आवाज मागच्या तोंडातूनही बाहेर पडतो. दोन माईक हवेत, आणि साथीच्या शामेळ, कासाळ्यांपासून थोडं अंतर. स्टुडिओत बसून डफाच्या नमुन्यावर ‘घुमट’ बनवणाऱ्याला हे कळणार नाही.

लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पल्तडचो मनीस’ या कोकणी सिनेमाला २००९ साली टोरांटो महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. जंगलातला एकटा वनरक्षक आणि त्याच्या आसऱ्याला आलेली वेडसर बाई. अशा गोष्टीत रान बोललंच पाहिजे. गोव्याच्या सिनेमाने किनारा सोडून आत वळायला हवं, असं मला वाटतं ते यासाठी.

आणि हे लवकर व्हायला हवं. मोपाच्या पठारावर २०२३ च्या सुरुवातीपासून विमानं उतरतात. पेडण्यात सिंक साउंडवर (चित्रीकरणासोबतच आवाज मुद्रित करण्यावर) काम करणाऱ्याला आता त्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतील. डिचोलीत २०१२ साली खाणी थांबल्यावर ट्रकांचा आवाज थांबला होता, तेव्हाची गावं कुणी ध्वनिमुद्रित केली असती तर आज ती अमोल ठरली असती. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो, त्यासाठी सरकार खर्च करतं. त्यातला छोटा वाटा काढून एक ध्वनिसंग्रह उभारता येईल: सभामंडपातली घुमट-आरती, दहीकाल्याची अख्खी रात्र, पावसाळ्यातली मयेची तळी, मोरजीच्या रेतीवरचा पहाटवारा. गोव्यात शूटिंगला येणाऱ्या प्रत्येक निर्मात्याला परवानगीच्या कागदांबरोबरच तो ऐकायला द्यावा.