आकडा कळतो, बाटली कळत नाही

व्हेपच्या बाटलीत लेबलाइतकंच निकोटीन आहे का, हे घरी तपासता येतं. निकोटीन अल्कधर्मी. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू टाकलं की द्रव निळा होतो. मग सौम्य सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडायचं. रंग पिवळ्यावर आला की किती आम्ल लागलं त्यावरून हिशेब. अकरावी-बारावीच्या प्रयोगवहीतलं टायट्रेशनच हे.

युरोपीय संघात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. लेबल खोटं निघालं तर जाब विचारायला कुणीतरी असतं. आपल्याकडे २०१९च्या कायद्यानं विक्रीच बंद. (सिगारेट मात्र टपरीवर राजरोस!) म्हणजे चोरून आलेल्या बाटलीवरचा आकडा हे कुणीच कुणाला न दिलेलं वचन. ते पडताळणं शहाणपण, की व्यसनाला दिलेली प्रतिष्ठा?

मला पडताळणारा बेजबाबदार वाटत नाही. आपल्या शरीरात काय किती जाणार, हे विचारायचा हक्क बाटली चोरून घेतली म्हणून संपत नाही. अडचण वेगळीच आहे. निकोटीन सॉल्टमध्ये बेंझोइक आम्लासारखं काहीतरी आधीच मिसळलेलं असतं. तिथे रंग लगेच पिवळा पडतो आणि कडक बाटलीही सौम्य ठरते. शिवाय आकडा हाती आला की माणूस निर्धास्त होतो. या द्रवात आणखी काय आहे, हे विचारायचं राहून जातं. त्याचं उत्तर त्या थेंबांत नसतंच. त्याला प्रयोगशाळा लागते, आणि बंदी असलेली बाटली घेऊन माणूस तिथे जाणार कसा?