ज्याच्या त्याच्या पाण्याचं कालव

क्षणभर स्वस्थ बसा. श्वास आपोआप येऊ द्या, जाऊ द्या. आता मनापुढे एक कालव आणा: खडबडीत, राखाडी, जुन्या शिंपल्याला घट्ट चिकटलेलं. त्याच्या शेजारी दुसरं ठेवा. दोघांत फरक दिसतो? डोळ्यांना नाही दिसणार. तो समजायला आधी पाणी बघावं लागेल.

अमेरिकेतल्या टेक्सस राज्याच्या किनाऱ्यावर जाऊ. उत्तरेला गॅल्व्हेस्टनचा उपसागर. त्यात ट्रिनिटी नदी येऊन मिळते. पूर आला की कालवांभोवतीचं खारं पाणी पातळ होत जातं. दक्षिणेला लगूना माद्रे, पाड्रे बेटाच्या लांबलचक वाळूपट्टीमागे अडकलेलं उथळ सरोवर. तिथे पाऊस थोडा, ऊन कडक. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, आणि सरोवर समुद्राहूनही खारट होतं. दोन्ही पाण्यांत राहणारी कालवाची जात मात्र एकच, क्रॅसोस्ट्रिया व्हर्जिनिका.

या जातीचं बालपण डोळ्यांपुढे आणा. मादी लाखो अंडी पाण्यात सोडते. अंड्यातून निघालेला सूक्ष्म जीव दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतो, मग कुठेतरी चिकटतो आणि जन्मभर तिथून हलत नाही. इतके दिवस तरंगणारी पिल्लं दूरदूर पोचत असतील, साऱ्या किनाऱ्याचा वारसा एकच असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण लगूना माद्रेतल्या कालवांची जनुकं उत्तरेकडच्या कालवांपेक्षा स्पष्ट वेगळी निघाली. 1990 मध्ये रीब आणि अवाइज या संशोधकांनी याच जातीतली आणखी मोठी दरी दाखवली: अटलांटिकच्या आणि मेक्सिकोच्या आखातातल्या कालवांच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए वेगळा आहे.

हे का घडत असेल? घाई न करता एकेक कारण मनात धरा.

पहिलं, दुरावा. उपसागरांची तोंडं अरुंद असतात. बरीच पिल्लं आईबापांच्याच पाण्यात फिरून तिथेच बसतात. पिढ्यामागून पिढ्या असंच चाललं की वारसे हळूहळू वेगळे होतात.

दुसरं, निवड. बाहेरून आलेल्या पिल्लाला तिथलं मीठ, तिथली उष्णता, तिथले रोग सोसावे लागतात. ज्याला सोसत नाही, त्याचा वंश पुढे जात नाही. 1957 मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या डेलावेअर उपसागरात एमएसएक्स नावाच्या रोगाची साथ आली आणि कालवं प्रचंड संख्येनं मेली. जी तगली, त्यांच्यापासून पुढे त्या रोगापुढे अधिक टिकाव धरणाऱ्या पिढ्या आल्या. इथे थोडं थांबा. प्रत्येक जिवंत कालवामागे न तगलेल्या कितीतरी जिवांची रांग आहे. त्यांच्या मरणातूनच तिथल्या पाण्याची ओळख वंशात उतरली.

आता या विचाराची दुसरी बाजूही बघा. टेक्ससच्याच किनाऱ्यावर, कॉर्पस क्रिस्टी शहराच्या आसपास, उत्तरेचे आणि दक्षिणेचे वारसे एकमेकांत मिसळतात. म्हणजे वेगळेपणा खरा असला, तरी तो बंद दार नव्हे. त्याला जपायचं म्हणून त्याभोवती कुंपण घालण्याची गरज नाही.

मग जपायचं म्हणजे काय? कालवं एकमेकांना चिकटून बनलेल्या जगातल्या खडकांपैकी सुमारे 85 टक्के नाहीसे झाले, असा अंदाज 2011 मध्ये मांडला गेला. ते पुन्हा उभे करायला माणसं मनापासून झटत आहेत, आणि ते काम मोलाचं आहे. पण उजाड जागेवर कुठूनही आणलेलं बियाणं टाकलं, तर संख्या भरते. त्या पाण्यात तगण्याचं सामर्थ्य भरेलच असं नाही. म्हणून आधी तिथे उरलेली थोडी कालवं शोधावीत, त्यांचा वारसा तपासावा, आणि जमेल तिथे त्यांच्याच वंशापासून सुरुवात करावी. दिसायला सारखं असलेलं सगळं एकमेकांच्या जागी चालतं, ही आपली सवय आहे. ती सोडणं, हेच या मननाचं काम.