घेर मोजायचा कुठून?

शाळेच्या गणितातली चाकं बहुतेक सातच्या पाढ्यातली असतात. त्रिज्या ७, १४, २१, फार तर ३५. पायची किंमत २२/७ घ्यायची, साताला सात जातात, उत्तर पूर्णांकात येतं आणि पुढचं गणित. अशी पन्नास गणितं सोडवली की परीघ काढणं म्हणजे व्यासाला ठरलेल्या संख्येनं गुणणं, हे पक्कं डोक्यात बसतं. पण व्यास धरायचा कुठपासून कुठपर्यंत, हे कुणी विचारत नाही, कारण तो गणितात आयताच दिलेला असतो.

भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त दोन गुणोत्तरं दिली आहेत. सूक्ष्म हवं असेल तर ३९२७/१२५०, रोजच्या व्यवहाराला २२/७. व्यास एक किलोमीटर असला, तर पहिल्यानं जेमतेम सात मिलिमीटरचा फरक पडतो आणि दुसऱ्यानं सव्वा मीटरचा. पुढे चौदाव्या शतकात केरळच्या माधवानं ही किंमत अकरा दशांश स्थळांपर्यंत नेली. बुद्धीचा पराक्रम म्हणून माधव थोरच; पण कोणत्या कामाला किती बारकावा पुरे, हे सांगून ठेवणारे भास्कराचार्य मला जास्त जवळचे वाटतात.

दीड मीटर व्यासाच्या बैलगाडीच्या चाकाला २२/७ वापरलं तर घेर सुमारे दोन मिलिमीटर जास्त येतो. त्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणाऱ्या लोहाराला याची फिकीर नसते. त्याची अडचण निराळीच. चाकाचा घेर दोरीनं मोजून तेवढीच पट्टी कापली आणि वाकवली, तर कडं लहान होतं. पट्टी वाकताना तिची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते. लांबी कायम राहते ती फक्त जाडीच्या मधोमध. म्हणून धाव १२ मिलिमीटर जाड असेल तर पट्टी घेरापेक्षा पावणेचार सेंटिमीटर जास्त धरावी लागते. जाडीच्या तिप्पट आणि वर थोडं. एवढा हिशेब केल्यावर त्यातून तो मुद्दाम थोडं कमी करतो, कारण धाव घट्ट बसायला हवी. लोखंड लालबुंद तापलं की एवढ्या कड्याचा घेर चारेक सेंटिमीटरनं वाढतो. गरम धाव चाकावर चढते, वर पाणी पडतं, ती आक्रसते आणि चाकाचे सगळे सांधे आवळून धरते. या सगळ्या उलाढालीत २२/७ चे दोन मिलिमीटर कुठे शोधायचे?

धावण्याच्या ४०० मीटरच्या मैदानाचंही तसंच. दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि दोन अर्धवर्तुळं, आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर. मांडून पाहा, बेरीज ३९८ च्या जरा पुढे जाऊन थांबते. उरलेले मीटर गेले कुठे? धावणारा काही कडेला पाय घासत धावत नाही. म्हणून पहिल्या पट्टीचं अंतर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजायचं असं ठरलेलं आहे. ज्या रेषेवर चारशे मीटर पुरे होतात, ती मैदानावर आखलेलीच नसते! बाकीच्या पट्ट्यांचं अंतर त्यांच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर मोजतात. पट्टी १.२२ मीटर रुंद असते. त्यामुळे पूर्ण फेरीत दुसऱ्या पट्टीतला धावपटू ७.०४ मीटर पुढे उभा राहतो आणि त्यानंतरचा प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याच्या ७.६७ मीटर पुढे. टीव्हीवर पाहताना बाहेरच्याला सवलत दिल्यासारखं वाटतं, तेवढंच.

गंमत अशी की हा ७.६७ चा आकडा काढताना वळणाची त्रिज्या लागतच नाही. फक्त पट्टीची रुंदी लागते. लोहाराच्या पट्टीतली वाढही चाकाच्या आकारावर ठरत नव्हती, जाडीवर ठरत होती. विषुववृत्ताभोवती घट्ट दोरी गुंडाळली आणि तिच्या चाळीस हजार किलोमीटरांत एक मीटरची भर घातली, तर ती सगळीकडे १६ सेंटिमीटर वर उचलली जाईल. लिंबाभोवतीच्या दोरीत मीटरभर वाढवा, तीही तेवढीच सुटेल. कागदावर दोन ओळींत सिद्ध होणारी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटता पटत नाही.

शाळेच्या क्रीडामहोत्सवासाठी फक्की मारून गोल मैदान आखणार असाल, तर गणिताच्या सरांनी त्या दिवशी वर्ग बाहेरच घ्यावा. मुलांच्या हाती दोरी आणि टेप द्यावी आणि दुसऱ्या पट्टीतला गडी किती पुढे उभा करायचा, ते त्यांनाच काढू द्यावं. पट्ट्या एक मीटर रुंद असतील आणि सगळ्यांचं अंतर आपापल्या आतल्या रेषेपासून सारखंच धरलं असेल, तर उत्तर ६.२८ मीटर. मैदान केवढंही असो.